काही अडलं नाही

टेबलावर एकही फाईल नव्हती. हर्नियाचं ऑपरेशन करून तीन आठवड्यांनी कमळाकर चौबळ पनवेलच्या ऑफिसात परत आला होता. रिक्षातून उतरताना पोटावर हात, जिना चढताना कठड्यावर हात, आणि मनात फायलींच्या ढिगाची पुरेपूर तयारी. ढीग असणारच होता. मुलीच्या लग्नाला रजा घेतली तेव्हा फायली टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून खिडकीत चढल्या होत्या, आणि मुंबईच्या मुख्य कचेरीतून कोणीतरी वैतागून म्हणालं होतं, चौबळ नसला की पनवेल बंदच पडतं. ते वाक्य त्याने पुढे वर्षभर पुरवून पुरवून वापरलं. आता टेबलाची काच लख्ख दिसत होती, आणि काचेखाली सरकवलेले, लग्नपत्रिकांवरून कापलेले गणपती ओळीने त्याच्याकडे बघत होते. गंगाबाईने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. ती कोळीवाड्यातली, ऑफिसात चहापाणी बघायची, त्याच्याहून थोडी मोठीच. "सायेब, बरा हाय ना आता? जिवाला जपा," ती म्हणाली. "तुमचे बिगर हितं काय अडला नाय." हे ती त्याला बरं वाटावं म्हणून बोलली होती. पाणी पिता पिता त्याला टाक्यांच्या जागी बारीक कळ आली आणि तो खुर्चीत बसला.

रजेवर जाताना चार्ज कुणाला द्यायचा याचं एक शास्त्र असतं. ते वखार महामंडळाच्या नियमावलीत छापलेलं नाही, कुठल्या प्रशिक्षणातही शिकवत नाहीत, पण सरकारी खुर्चीवर पाचसहा वर्षं काढली की आपोआप येतं. चार्ज अशा माणसाला द्यायचा की आपण परत येईपर्यंत काही बिघडू नये आणि काही हलूही नये. कमळाकरने तो नेहमी आनंदाला दिला. आनंदा पोवार वरिष्ठ सहायक, मूळचा गडहिंग्लजकडचा, अंगाने आडवा, स्वभावाने गरीब गाय. कसलाही कागद समोर आला की आनंदा तो दोनदा वाचायचा, एक सुस्कारा सोडायचा आणि कोपऱ्यात पेन्सिलीने 'साहेब आल्यावर' असं लिहून बाजूला ठेवायचा. असा माणूस हाताखाली मिळायला नशीब लागतं. पण या वेळी चार्ज घेतल्याबरोबर आनंदाला जनगणनेच्या कामावर खेचून नेलं, आणि कमळाकरने चार्जच्या आदेशात, केवळ सवयीने, वर्षानुवर्षं लिहीत आलेलं एक वाक्य लिहून ठेवलं होतं की, यांच्या गैरहजेरीत पुढील सेवाज्येष्ठ कर्मचारी कार्यभार पाहतील. आजवर त्या वाक्याची कुणाला गरज पडली नव्हती. पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहितात तसं ते लिहायचं. इस्पितळात पडल्या पडल्या त्याला आनंदाचं कळलं तेव्हाही ते आठवलं नाही. उलट वाटलं, बरंच झालं, आता ढीग आणखी वाढेल. आणि पुढील सेवाज्येष्ठ कर्मचारी म्हणजे रोहिणी घरत होती.

खिडकीतून पाहिलं तर रस्ताही रिकामा. महामंडळाच्या वखारी ऑफिसाला लागूनच होत्या. तांदूळ, साखर, खत, जे काही सरकारला साठवून ठेवायचं असेल ते तिथे येऊन पडायचं. गाडी भरून झाली तरी गेटपासवर व्यवस्थापकाची सही झाल्याशिवाय ती फाटकाबाहेर जात नसे, आणि ही सगळी सह्यांची चळत कमळाकर जेवणानंतर एका बैठकीत उरकायचा. त्यामुळे आत भरलेल्या गाड्या अडकून पडायच्या आणि बाहेर रिकाम्या गाड्यांची रांग लागायची, ती पार हायवेच्या तोंडापर्यंत. ड्रायव्हर खाली उतरून विड्या ओढायचे, टपरीवर चहा प्यायचे आणि मधूनमधून वर खिडकीकडे बघायचे. ती रांग पाहिली की कमळाकरला आपण आहोत असं वाटायचं. हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. आता टपरीवाल्यानेसुद्धा आपलं बस्तान उचलून पेट्रोल पंपाशी नेलं होतं. तो खाली उतरला. माथाड्यांचा मुकादम कान्हा शेडच्या सावलीत पंच्याने मान पुसत उभा होता. "कान्हा, गाड्या कुठे गेल्या रे सगळ्या?" "गेल्या ना सायेब, त्यांचे त्यांचे गावाला," कान्हा हसला. "बाईनी सईचा काम शेडवाल्यांकडं दिला. गाडी भरली का सई, सई झाली का गाडी भायेर. आमची पोरां दुपारची घरी जेवतान आता." त्याच्या चेहऱ्यावर कसलीही खोच नव्हती. खोच असती तर कमळाकरला सोसलं असतं; लबाड माणसाशी कसं बोलायचं ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

रोहिणी घरत गव्हाणची. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या त्यात तिच्या बापाची भातखाचरं गेली आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, अशा हिशेबाने ती टायपिस्ट म्हणून लागली होती. ऑफिसात बरीच वर्षं तिला 'जमिनीवर लागलेली' म्हणत. मग तिने संध्याकाळच्या कॉलेजात बी.कॉम. केलं, खात्याची परीक्षा दिली, तीत महामंडळात पहिली आली, आणि लोकांनी तिला नुसतं 'घरतबाई' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे त्यांना ती आवडेनाशी झाली. ती केबिनमध्ये आली तेव्हा हातात एकही कागद नव्हता. तब्येत विचारून झाल्यावर तिने सरळ, न थांबता, काय काय झालं ते सांगितलं. मध्ये एकदाही 'साहेब, तुम्ही असता तर' म्हणाली नाही. "गेटपासचं मी बदललंय. तुम्हाला नको असेल तर पूर्ववत करते. पण गाडीवाल्यांची तक्रार थांबलीय." "हं," कमळाकर म्हणाला. त्याला हे मान्य करावं लागलं की तिचं सांगणं ऐकताना त्याला अर्धा क्षण फार छान वाटलं. आपल्याच हाताखालची पोर, किती नीट बोलते, असं काहीसं. तो अर्धा क्षण खरा होता. मग तिने पुढचं विचारलं. "साहेब, एक स्पष्ट बोलू? द्रोणागिरीची जागा मला हवीय."

द्रोणागिरीला, नव्या बंदराच्या पाठीमागे, महामंडळाचा मोठा डेपो उभा राहिला होता. पत्रे चढले होते, वजनकाटा बसला होता, फक्त व्यवस्थापक नेमायचा बाकी होता, आणि तो पनवेलच्याच माणसांतून घ्यायचा असं ठरलं होतं. पात्र दोघंच होती, आनंदा आणि रोहिणी. मुख्य कचेरीचे जनरल मॅनेजर नेहमीसारखे फोन करणार, चौबळ कुणाचं नाव घेतो ते ऐकणार आणि त्याच नावाचा आदेश काढणार होते. "तुम्ही नाव घेतलंत तर होईल," रोहिणी म्हणाली, "नाही घेतलंत तर होणार नाही, एवढं मला कळतं. आणि पुढची जागा निघेल तेव्हा माझे केस पांढरे झालेले असतील. मी तो डेपो चालवू शकते, साहेब. तुम्हाला काय वाटतं?" असं कुणी विचारतं का? गेल्या तीस वर्षांत कमळाकरला हाताखालच्या माणसाने, तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटतं, असं विचारलं नव्हतं. त्याने स्वतःही वरच्याला कधी विचारलं नव्हतं. त्याने टेबलाच्या रिकाम्या काचेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बघू." हा शब्द सरकारी नोकरीत एकदा तोंडात बसला की मग दुसरा सहसा येत नाही. रोहिणीने तो पूर्वीही ऐकलेला असावा, कारण ती "बरं" म्हणून गेली.

त्याला तिची भीती वाटत होती. हे शब्द त्याने मनात असे उघडे उच्चारले नाहीत. त्याने पुष्कळ इतर गोष्टी उच्चारल्या. निवृत्तीला चार वर्षं उरलीत. पुढेमागे पनवेल आणि द्रोणागिरी एकाच माणसाखाली आणायची कुजबुज आहे. तिकडे गाड्या सुटायला लागल्या की इकडे का सुटत नाहीत असं विचारतील. बाईमाणूस, त्या खाडीकाठच्या ओसाड खाजणात, चहूकडे ट्रकवाले. ही सगळी कारणं त्याने घरी जाताना वडाळे तलावाच्या काठी बसून एकामागून एक तपासली, आणि प्रत्येक कारण हातात घेतल्यावर बऱ्यापैकी टणक लागलं, तरी त्यांच्या खाली काहीतरी मऊ, ओलं होतं, त्याला हात लावावासा वाटत नव्हता. जेवताना बायकोने, आशालताने, विचारलं, "काय झालंय? टाके दुखतायत का?" त्याने द्रोणागिरीचं सांगितलं. "मग त्यात एवढं काय," ती आमटी वाढत म्हणाली, "तुम्हीच म्हणता ना ती पोरगी हुशार आहे म्हणून? द्या तिचं नाव." "असं नसतं ते." "मग कसं असतं?" ती खरोखर जाणून घ्यायच्या इच्छेने त्याच्याकडे बघत राहिली. तीस वर्षं जे करून तो घर चालवत आला होता ते एका वाक्यात बायकोला सांगता येत नव्हतं, म्हणून त्याने आमटीत मीठ कमी आहे म्हटलं आणि तिने मीठ पुढे सरकवलं.

पण त्याला ते कसं असतं ते ठाऊक होतं, आणि ते त्याला काशिरामपासून ठाऊक होतं. काशिराम आणि तो एकाच वर्षी महामंडळात चिकटले, दोघंही वीसबावीस वर्षांचे, दोघांचे साहेब उदयसिंह घोरपडे. एकदा मुंबईचे डायरेक्टर वखार बघायला आले असताना काशिराम सगळ्यांदेखत म्हणाला की, आपण नवीन आलेला तांदूळ जुन्याच्या पुढ्यात रचतो, त्यामुळे आधी नवीन जातो आणि जुना मागे पडून पाखरं लागून मरतो. मधून एक वाट सोडली तर जुना आधी काढता येईल. डायरेक्टरनी त्याची पाठ थोपटली, घोरपडेसाहेब सर्वांत मोठ्याने 'वा' म्हणाले, आणि दिवाळीच्या आत काशिरामची बदली चंद्रपूरकडच्या एका गोदामावर झाली, तिथे सापांशिवाय दुसरं काही साठवलेलं नव्हतं. तिथून त्याने राजीनामा पाठवला. त्या दिवशी काशिराम बोलत असताना कमळाकर त्याच्या शेजारीच उभा होता, आणि ती वाटेची गोष्ट आपल्याही जिभेवर होती, आपण ती गिळली, हे त्याला पक्कं आठवत होतं. तेव्हापासून त्याने गिळायचं ठरवलं. मीटिंगमध्ये काही सुचलं की तो ते आत, एका कोपऱ्यात ठेवून द्यायचा. आपण मूर्ख नाही, आपण फक्त थांबलो आहोत. योग्य वेळ आली, खुर्ची मिळाली, की एकेक बाहेर काढू. या एका समजुतीवर तो जगला होता. बढत्या मिळाल्या, इतरांच्या आधी मिळाल्या, आणि दर वेळी त्याला वाटलं की आपण घोरपड्यांना फसवलं, त्यांना पत्ताही लागू न देता त्यांच्याच हातून वर आलो. कधीकधी एस.टी.त बसल्या बसल्या त्याला या विचाराने हसूसुद्धा यायचं.

रविवारी तो घोरपड्यांकडे गेला. निवृत्तीनंतर त्यांनी नवीन पनवेलला छोटा बंगला बांधला होता. व्हरांड्यात परात मांडीवर घेऊन ते मोड आलेले वाल सोलत बसले होते. बायको अलिबागकडची, तिने त्यांना उतारवयात हे काम लावलं होतं आणि ते त्यांना आवडत होतं. कमळाकरने आडून आडून विषय काढला. घोरपडे हसले. "म्हणजे एक हुशार आहे आणि एक आनंदा आहे. मग यात विचारायचं काय राहिलं?" त्यांनी एक वाल चिमटीत धरून साल उडवलं. "हे बघ चौबळ, मी आता निवृत्त माणूस, खरं बोलायला माझं काही जात नाही. हुशार माणूस खाली असला की वरच्याला झोप लागत नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे. चांगला असतो म्हणूनच. तो काम करतो ते बघून आपण काय करत होतो असं मनात येतं. रोज ऑफिसात जाऊन असं मनात आणून घ्यायला कुणाची छाती आहे? आपली दुकानं थोडीच आहेत, की नोकर हुशार निघाला तर गल्ला वाढेल? आपला पगार तोच. वाढते ती फक्त भीती." कमळाकर परातीकडे बघत होता. सोललेले वाल पांढरे, ओलसर, एकसारखे दिसत होते. "साहेब," तो म्हणाला, आणि आपण हे विचारायलाच आलो होतो हे त्याला विचारताना कळलं, "मला का निवडलंत तुम्ही? तेव्हा?"

"तुला?" घोरपड्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. "तुझा त्रास नव्हता रे. काशिरामची मला भीती वाटायची, ती आता कबूल करतो. रात्री कूस बदलायचो त्याच्या नावाने. तुझी कधी वाटली नाही." ते हे प्रेमाने सांगत होते; कमळाकर त्यांचा लाडका होता, अजूनही दसऱ्याला सोनं द्यायला येणारा तो एकटाच. "मी मुद्दाम गप्प बसायचो, साहेब," कमळाकर म्हणाला. त्याचा आवाज उगीचच वर गेला. "मला कळायचं सगळं. ती मधल्या वाटेची गोष्ट, काशिराम बोलायच्या आधी माझ्या मनात होती." घोरपड्यांचा हात थांबला. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत टिंगल असती तर बरं झालं असतं, पण तिथे टिंगल नव्हती, आजारी माणसाकडे बघतो तशी माया होती. "असेल, असेल," ते हळू म्हणाले. "असेल बाबा. ऑपरेशन झालंय तुझं, फार बोलू नकोस." आणि आत बायकोला हाक मारून त्यांनी चौबळसाठी वालाची पिशवी भरून द्यायला सांगितली.

पिशवी घेऊन तो चालत निघाला. रिक्षा करायला हवी होती, डॉक्टरांनी चालू नका म्हटलं होतं, पण त्याला एक गोष्ट आत्ताच्या आत्ता तपासून बघायची होती आणि ती रिक्षात बसून तपासता आली नसती. मनातल्या त्या कोपऱ्यात त्याने काय काय ठेवलं होतं? एक तरी गोष्ट आठवायला हवी. काशिरामची वाट सोडून, एक. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. रेल्वेच्या पुलावर तो कठड्याला टेकून उभा राहिला आणि एकेक वर्ष मागे जाऊ लागला. अमक्या मीटिंगमध्ये काहीतरी सुचलं होतं, सुचल्याचं आठवत होतं, छातीत उठलेली ती ऊब आठवत होती, गिळल्यावरचा घसा आठवत होता, पण गिळलं ते काय, ते कुठेच नव्हतं. साखरेच्या पाघळण्याबद्दल काहीतरी. हमालांच्या पाळ्यांबद्दल काहीतरी. शिवाय खुर्ची मिळून अकरा वर्षं झाली होती. आता कुणी अडवणारा नव्हता, तरी त्यातलं काही बाहेर का आलं नाही? आणि मग ती वाट. त्याने डोळे मिटून तो दिवस पुन्हा उभा केला. काशिरामचा चॉकलेटी शर्ट, डायरेक्टरांची टोपी, पाखरं लागलेल्या तांदळाचा कडवट वास. काशिराम बोलायला तोंड उघडतो. त्याच्या आधीचा क्षण. त्या क्षणात आपल्या मनात काय होतं? त्याने तो क्षण पुन्हा पुन्हा उचलून पाहिला आणि दर वेळी त्यात फक्त शेजारी उभा असलेला एक बावीस वर्षांचा मुलगा सापडला, भूक लागलेला, साहेबांच्या बुटांकडे बघणारा. ऐकल्यावर एखादी गोष्ट इतकी सोपी वाटते की ती आपल्याला आधीच माहीत होती असं वाटू लागतं. कदाचित त्याने प्रतिभा इतकी नीट लपवली होती की ती आता त्यालाही सापडत नव्हती. कदाचित लपवण्यासारखं काही नव्हतंच. या दोन्हींतलं खरं काय हे सांगू शकणारा माणूस चंद्रपूरहून राजीनामा पाठवून कुठे गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. त्याला रडू आलं, आणि पुलावर माणसं होती म्हणून त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

सोमवारी सकाळी अंघोळ करताना त्याने ठरवलं, नाव रोहिणीचं. ठरवल्याबरोबर अंगावरचं पाणीसुद्धा वेगळं लागलं. हुशारी ओळखायला ओळखणाऱ्याच्या अंगी थोडी तरी लागतेच. तिचं नाव घेतलं की निदान तेवढं सिद्ध होईल. तिच्या भल्याचा विचार यात किती होता ते देव जाणे, पण नाव तिचंच होतं. फोन अकराच्या सुमाराला आला. "बोल चौबळ," जनरल मॅनेजर म्हणाले. "पोट काय म्हणतंय? बरं, द्रोणागिरीला कोण?" "रोहिणी घरत, साहेब," तो म्हणाला. स्पष्ट म्हणाला. "बाई हुशार आहे." "हुशार आहे?" त्यांनी तो शब्द भाजी दाबून बघावी तसा दाबून पाहिला. "तुझ्या मागे तिनेच चालवलं म्हणे. इकडे एक तक्रार नाही, एक फोन नाही. अरे, आम्हाला वाटलं पनवेल ऑफिसला कुलूप लागलं की काय!" ते मोठ्याने हसले. "मग तिला तिकडे कशाला पाठवायचं, तुझी खुर्ची तिला देऊन तुलाच घरी पाठवू की." ही थट्टा होती. वरच्याची थट्टा असते तशीच, हसून सोडून द्यायची. कमळाकर हसला, आणि हसत असतानाच आपण बोलतो आहोत असं त्याला ऐकू आलं. "तसं नाही, साहेब. हुशार आहे, पण जरा घाई करते. स्वतःच्या मनाने बदल करते, विचारत नाही. नवा डेपो आहे, तिथे शांत माणूस लागेल. आनंदा पोवार सीनियर आहे. त्याच्याबद्दल कधी एक अक्षर तक्रार नाही." यातलं काहीही खोटं नव्हतं. त्याने तीस वर्षांत कुणाबद्दल खोटं सांगितलंच नव्हतं, तशी वेळच यायची नाही. "अगदी माझ्या मनातलं बोललास," जनरल मॅनेजर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली सुटका तारेतून इकडे आली आणि कमळाकरच्याही अंगभर पसरली. फोन ठेवल्यावर त्याला कडकडून भूक लागली. स्वतःची इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि तरी त्याने गंगाबाईला डबा गरम करायला सांगितलं.

आदेश आल्यावर पहिला आला तो जनगणनेच्या कामावरून परतलेला आनंदा. त्याचे डोळे लाल होते. "साहेब, हे काय केलंत? मला नाही जमायचं ते," तो म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे मला नाही जमायचं. तिथे रोज जहाजांचा माल येणार, मला दोन ओळी लिहायला अर्धा दिवस लागतो. घरतबाईंना द्या की." "जमेल," कमळाकर म्हणाला. "न जमायला काय झालंय? काही अडलं तर फोन कर." आनंदा कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा नमस्कार करून गेला. गेटपास पुन्हा केबिनमध्ये यायला लागले. नियम तसाच होता, त्यात कमळाकरने नवीन काही केलं नाही. रोहिणी मात्र आली नाही. ती भांडेल, रडेल, युनियनकडे जाईल, असं धरून त्याने उत्तरं तयार ठेवली होती, सेवाज्येष्ठतेचं, सुरक्षिततेचं, पुढच्या संधीचं. त्यांतलं एकही लागलं नाही. आनंदाला शेजारी बसवून तिने त्याला डेपोचं काम समजावून दिलं, त्याच्या निरोपाच्या समारंभात पेढे वाटले. कमळाकर रोज ती आत यायची वाट बघायला लागला. तिने एकदा येऊन, का केलंत असं, एवढं विचारलं असतं तर तो कदाचित खरं बोलला असता, पुलावरचंसुद्धा सांगितलं असतं. ती गप्पपणे तिच्या टेबलाशी बसून असायची, आणि पूर्वी तासात व्हायची ती कामं आता दुपारपर्यंत, मग संध्याकाळपर्यंत पुरायला लागली.

एप्रिलच्या अखेरीला एके दिवशी ती केबिनच्या दारात येऊन उभी राहिली. "साहेब, वेळ आहे का जरा? तांदळाच्या गाडीत काही पोती ओली आलीत. वाटेत टँकरचं पाणी सांडलं म्हणतात. ती कुठे लावायची? मला काही कळत नाहीये." कमळाकरने मान वर केली. तिचा चेहरा शांत होता, नजर किंचित खाली, वाट बघणाऱ्या माणसाची. ओल्या पोत्यांचं काय करायचं हे तिला कळत नाही? शेडवाल्यांना हे तिनेच शिकवलं होतं. आता म्हणायला हवं होतं, बाई, तुम्हाला माहितीय, मला कशाला विचारता. हे एवढं एक वाक्य. ते म्हणायची वेळ आहे हे त्याला कळत होतं, आणि त्याच वेळी गेल्या कित्येक महिन्यांत लाभलं नव्हतं असं काहीतरी सुखाचं त्याच्या छातीत भरून येत होतं. त्याने चष्मा काढून पुसला. "बसा," तो म्हणाला. "त्याचं असं आहे, ओल्या पोत्याला वारा लागला पाहिजे. खाली ठेवलं तर दबून राहतं. म्हणून ती सुक्या थप्पीवर, सगळ्यांत वर लावायची." बोलता बोलता, वाक्य संपायच्या जरा आधी, हे उलटं झालं असं त्याला वाटून गेलं. ओल खाली उतरते. ती पोती वेगळी पसरायची असतात, थप्पीला लागूच द्यायची नसतात. रोहिणीचं पेन वहीवर क्षणभर थांबलं. त्याने ते थांबलेलं पाहिलं. आता ती बोलेल, असं त्याला वाटलं. ती बोलावी अशी त्याने जवळजवळ प्रार्थना केली. "सगळ्यांत वर," ती लिहिता लिहिता म्हणाली. "बरं झालं विचारलं, साहेब." आणि ती उठून गेली.

खिडकी उघडी होती. खाली शेडच्या तोंडाशी ती कान्हाशी बोलत होती, तिच्या गावच्या बोलीत, नेहमीच्या आवाजात, आणि वरपर्यंत शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. "बाय, काय बोलतीस?" कान्हा म्हणत होता. "वल्ली पोती वर लावली तं खालचा सगला तांदूल कुजंल ना. आख्खी थप्पी जाईल." कमळाकरने खुर्चीच्या हातांवर जोर दिला. उठून खिडकीपर्यंत जायचं, वरून एक हाक मारायची, एवढंच होतं. थप्पी मोठी होती, छतापर्यंत गेलेली, रेशनवर जायचा तांदूळ. तो तसाच अर्धवट उठलेला राहिला.

"सायबांनी सांगितलाय," रोहिणी म्हणाली. "लाव."